भोज्या

जुहूला हेलिकॉप्टरमधून उतरलं
की दोन तास कान बधिर असतात.
चेंबूरला घरी पोचलो, सुचेतानं दार उघडलं,
ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही,
रेवूचं भोकाड तेवढं ऐकू आलं.

आठ महिन्यांची. मागच्या खेपेला
कुणाच्याही कडेवर जायची, लिफ्टमनच्यासुद्धा.
आता तिनं माझ्याकडे पाहिलं
मीटर बघायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं
आणि शकूमावशींच्या पदरात तोंड खुपसलं.

"ओळखायला लागली," मावशी म्हणाल्या,
"म्हणूनच परकं करायला लागली.
मनाला लावून घेऊ नका."
मी लावून घेतलं.
मोरीत जाऊन तीनदा साबण चोळला.
डिझेल निघालं. की नाही निघालं?
हात हुंगत उभा राहिलो आरशासमोर.

मी तेलाच्या फलाटावर क्रेन चालवतो, भर समुद्रात.
चार टनांचा पाइपांचा भारा
हलत्या बोटीवरून उचलून डेकवर असा टेकवतो
की बाजूच्या कपातला चहा हिंदकळत नाही.
आणि ही सात किलोंची
माझ्या हातून पाळण्यात उतरत नाही.
पाठ टेकायच्या आधीच डोळे उघडते,
बघते कोण आहे,
आणि तिसरा मजला जागा करते.

चौथ्या दिवशी मी प्रयत्न सोडला.
फरशीवर नुसता पडून राहिलो पंख्याकडे बघत.
खुळखुळा नाही, मोबाइल नाही, "बाबा म्हण, बाबा" नाही.
ती रांगत आली ती माझ्यासाठी नव्हे,
बनियनच्या भोकासाठी.
बोट घातलं. ओढलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं.
मी भुवया वर केल्या.
पुन्हा ओढलं. पुन्हा वर केल्या.
तिसऱ्यांदा मुद्दाम केल्या नाहीत
तर थांबली, आणि माझ्या कपाळावर थापटी मारली,
अडकलेल्या टीव्हीला मारतात तशी.

एवढंच.
यावर पुढचे दिवस चालले.

बाराव्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली,
तिथून मान वळवून पाहिलं, आहे ना हा,
मग उंबरा ओलांडला.
आत भांडी वाजवली. परत आली,
माझ्या गुडघ्याला हात लावून पुन्हा गेली.
घाटल्याला आम्ही लपाछपी खेळायचो तेव्हा
जिन्याखालचा पाण्याचा पाइप आमचा भोज्या असायचा.
धापा टाकत यायचं, शिवायचं, की सुटलो.
पाइपाला काही वाटतं का,
असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

पायाला मुंग्या आल्या. मी हललो नाही.

संध्याकाळी टीपॉयचा कोपरा लागला तिला.
सुचेता ओट्याशी, शकूमावशी दारात चपला शोधत.
रेवूनं श्वास ओढला,
तो लांबलचक, आवाज फुटण्याआधीचा,
आम्हा तिघांकडे पाहिलं
आणि एक हात मावशींकडे केला.
दुसरा
कुणाकडे करावा हे ठरेना,
तसाच हवेत राहिला.
मावशींनी उचललं. त्यांचंच होतं ते, दिवसाचे नऊ तास त्यांचेच असतात.
पण तो दुसरा हात मी पाहिला.

पंधराव्या सकाळी निघताना
बनियन न धुता पाळण्यात ठेवलं.
वास येतोय त्याला, सुचेता म्हणाली.
म्हटलं, येऊ दे.

आता रात्रपाळी. समोर वायूचा जाळ,
काळ्या पाण्यावर नारिंगी, रात्रभर.
केबिनच्या काचेवर तळवा ठेवतो, जाळ जातो.
काढतो, येतो.
भोऽऽ, म्हणतो हळूच.
डेकवरचा सिग्नलवाला वॉकीटॉकीवर विचारतो,
काय म्हणालास? कळलं नाही.
काही नाही, म्हणतो.
भार खाली घेतोय. सावकाश.